भूल, मेंदू आणि घराण्याची आठवण

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हैदराबादेतील मराठी माणसांच्या चार पिढ्यांनी ज्या ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याच्या शताब्दीनिमित्त बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी मराठीचा अध्यापक. संतवाङ्मयावर किंवा निजामी राजवटीतील मराठी शिक्षणावर मी बोलेन, असे चिटणीसांना वाटले असावे. मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, ''सर, हे श्रोत्यांना समजेल असे सांगा.'' ती अट मी मान्य केली आहे.

विषय असा : शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली असताना क्वचित एखाद्या रुग्णाच्या देहात एकाएकी भयंकर उष्णता निर्माण होते. इंग्रजीत या विकाराला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. आज मी त्याला 'घातक अतिताप' म्हणणार आहे. अशा वेळी निद्रिस्त मेंदूचे काय होते, त्याच्याकडे जाणाऱ्या रक्ताचे काय होते, आणि त्याला वाचवण्यासाठी आपल्यासारख्या सामान्य माणसांना काय करता येते, याचा विचार आपण करणार आहोत. मी वैद्य नाही. जे वाचले, तज्ज्ञांकडून समजावून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

या विषयाची ओळख मला घरातच झाली. माझे धाकटे मामा १९७८ साली वारले. त्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते आणि मी आठ वर्षांचा. मराठवाड्यातील एका गावी अंतर्गळाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी ते आपल्या पायांनी चालत गेले आणि परत आले ते खांद्यावरून. काय झाले हे कोणी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. आजी एवढेच म्हणे, ''त्याला भूल सोसली नाही.'' पुढे हे वाक्यही घरातून लोपले. वंशावळीत मामांच्या नावापुढे 'अल्पवयात निवर्तले' एवढीच नोंद राहिली.

त्यानंतर चाळीस वर्षांनी माझ्या मुलीच्या घोट्याजवळचे हाड मोडले. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर बाई आल्या. वयाने तरुण, तेलुगूभाषक. त्यांनी हिंदीत नेहमीचे प्रश्न विचारले आणि शेवटी विचारले, ''घराण्यात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का?'' मी तत्काळ 'नाही' म्हणालो. माझी आई खाटेशेजारी बसली होती. तिला हिंदी बोलता येत नाही, पण समजते. ती माझ्यावर चिडून म्हणाली, ''नाही काय म्हणतोस? अरे, धाकट्याला भूलच तर सोसली नाही!'' मी तिचे शब्द हिंदीत करून सांगितले. डॉक्टर बाई हातातला कागद बाजूला ठेवून खाली बसल्या आणि आईला म्हणाल्या, ''अम्मा, सगळे सांगा.'' अर्धा तास आई बोलत होती आणि मी भाषांतर करीत होतो. अंग तापले होते का? हातपाय ताठ झाले होते का? जबडा उघडत नव्हता का? आईला एवढेच आठवत होते की, प्रेत घरी आणले तेव्हाही अंग लाकडासारखे ताठ आणि आश्चर्य वाटावे इतके ऊन होते. दुसऱ्या दिवशी मुलीची शस्त्रक्रिया पाठीत सुई देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून झाली. ती आज धडधाकट आहे.

मामांचा मृत्यू याच विकाराने झाला, असा दावा मी करीत नाही. परंतु त्या प्रश्नाने मला जागे केले, आणि मग मी वाचू लागलो.

वाचता वाचता पहिला धक्का बसला तो आपल्याच शहराचा. भुलीखाली माणसे का मरतात, हा प्रश्न एके काळी हैदराबादेत साऱ्या जगासाठी तपासला गेला होता. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. दोनच महिन्यांनी, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली काही क्षणांत मरण पावली. असे मृत्यू पुढे वाढत गेले. हृदय आधी थांबते की श्वास आधी थांबतो, यावर वैद्यांत दोन तट पडले. येथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे श्वासाच्या पक्षाचे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग' बसले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. भूल देणाऱ्या जगातील आरंभीच्या स्त्रियांत जिची गणना होते, त्या रूपाबाई फर्दुनजी याच शाळेच्या विद्यार्थिनी. आयोगाचा निष्कर्ष असा की, क्लोरोफॉर्म श्वास थांबवून मारते; म्हणून नाडी सोडा, श्वासावर लक्ष ठेवा.

पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयच एकाएकी बेताल होऊन थांबू शकते. लॉरी यांचा मुख्य सिद्धांत चुकीचा ठरला. तथापि 'श्वासाकडे लक्ष द्या' हा त्यांचा उपदेश आपण ध्यानात ठेवू; तो शेवटी पुन्हा उपयोगी पडणार आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या साऱ्या वादात सर्व मृत्यूंचे कारण औषधात शोधले जात होते. एखाद्या घराण्याच्या रक्तातच काही निराळे असेल, ही शंका कोणाला आली नाही.

ती शंका आली १९६० मध्ये, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी. एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला मोटारीचा धक्का लागून त्याचा पाय मोडला. त्याला पायाची चिंता नव्हती, चिंता होती ती भुलीची. त्याचे दहा आप्त ईथरच्या भुलीखाली किंवा त्यानंतर लगेच दगावले होते. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि ईथर टाळून हॅलोथेन हे त्या काळी नवे असलेले औषध सावधपणे दिले. दहाएक मिनिटांतच नाडी धावू लागली, रक्तदाब उतरला, कातडी तापली. भूल तत्काळ बंद करण्यात आली, अंग थंड करण्यात आले आणि तो वाचला. डेनबरो आणि लव्हेल यांनी त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात पत्र लिहून त्या घराण्याची हकीगत जगापुढे मांडली. पुढे त्यांनी घराण्याची वंशवेल तयार केली, तेव्हा हा दोष आईकडून वा बापाकडून प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, हे दिसून आले. त्याच तरुणाला पुढे मूतखड्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा पाठीतून सुई देऊन ती निर्विघ्न पार पडली.

दोष कोठे असतो? तो असतो स्नायूंत. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमची एक कोठी असते. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून आला की कोठीचे दार उघडते, कॅल्शियम बाहेर येते, स्नायू आकुंचन पावतो. काम झाले की कॅल्शियम पुन्हा कोठीत भरले जाते आणि स्नायू सैल पडतो. हे दार म्हणजे एक प्रथिन आहे. त्याचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असून या विकाराशी त्याचा संबंध १९९० मध्ये स्पष्ट झाला. काही घराण्यांत हे दार जन्मतःच किंचित सदोष असते. एरवी त्याचा पत्ता लागत नाही. असा माणूस शेती करतो, कुस्ती खेळतो, नोकरी करतो. परंतु हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारखी वायुरूप भूल किंवा सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारे औषध मिळाले की दार उघडते आणि मिटत नाही. देहाचे सुमारे चाळीस टक्के वजन स्नायूंचे. ते सारे एकाच वेळी, थांबल्यावाचून राबू लागतात. प्राणवायू फस्त होतो, कार्बन डायऑक्साइडचे लोट निघतात, रक्त आम्ल होते, फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम रक्तात उतरते. उष्णता कधी कधी दर पाच मिनिटांस एक अंश या गतीने चढते.

आता मेंदूकडे वळू. आपल्याला नेहमी येणारा ज्वर हा मेंदूच्याच आज्ञेने येतो. मेंदूच्या तळाशी उष्णतेचे नियमन करणारे एक केंद्र आहे. रोगजंतू शिरले की ते केंद्र आपली मर्यादा वर सरकवते. म्हणून थंडी वाजते, माणूस कुडकुडतो आणि ताप चढतो. पॅरासिटामॉलसारखी औषधे त्या केंद्राला पूर्ववत करतात. मग भुलीखालचा हा भडकाही मेंदूतूनच सुरू होतो काय? आरंभी अशी शंका घेण्यास जागा होती. तिचे उत्तर निरनिराळ्या मार्गांनी मिळाले. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू न देणारी औषधे दिली, तरी या विकारातील ताठरपणा जात नाही. म्हणजे आज्ञा मेंदूची नव्हे. अशा माणसाच्या मांडीतून काढलेला स्नायूचा लहानसा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवून त्यावर हॅलोथेन किंवा कॅफीन सोडले, तर तो तुकडा तेथेही आखडतो. भांड्यात मेंदू नसतो. १९७० पासून ही परीक्षा निदानासाठी वापरात आली. डुकरांच्या काही जातींत हाच दोष आहे. त्यांच्यावरील प्रयोगांतही मेंदू हा या आगीचा उगम नसल्याचे दिसून आले. म्हणूनच पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही. आग स्नायूंत लागते आणि तिची झळ मेंदूपर्यंत पोहोचते.

ती कशी पोहोचते हे समजण्यासाठी मेंदूच्या रक्तपुरवठ्याची थोडी ओळख हवी. इटलीतील तुरिनचे आंजेलो मॉस्सो यांनी १८८१ च्या ग्रंथात बर्तिनो नावाच्या शेतकऱ्याची हकीगत दिली आहे. अपघातात त्याच्या कवटीला भोक पडले होते आणि त्यातून मेंदूचे ठोके दिसत. दुपारी चर्चची घंटा वाजली आणि ते ठोके एकाएकी वाढले. मॉस्सोंनी विचारले, घंटेने प्रार्थनेची आठवण झाली काय? नुसत्या या प्रश्नानेही ठोके पुन्हा वाढले. मनात विचार आला की मेंदूत रक्त वाढते, हे तेव्हा प्रथम इतक्या उघडपणे दिसले. १८९० मध्ये रॉय आणि शेरिंग्टन यांनी त्याला शास्त्रीय रूप दिले : मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते त्या भागाकडे रक्त वाढते. आपल्याकडे पाणी सोडणारा माणूस ज्या आळीची गरज अधिक तिची चावी अधिक उघडतो, तसे हे आहे. आणि १९४५ मध्ये केटी आणि श्मिट यांनी माणसाच्या मेंदूत दर मिनिटाला किती रक्त जाते हे मोजण्याची रीत शोधली. त्यासाठी त्यांनी वापरला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भुलीतलाच जुना हास्यवायू, अगदी सौम्य प्रमाणात.

या मोजणीतून कळलेले आकडे असे. मेंदूचे वजन देहाच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीच्या स्थितीत देह जेवढा प्राणवायू वापरतो त्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटास सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. प्रौढ माणसात हे मिनिटास पाऊण लिटरच्या आसपास भरते. शिल्लक ठेवण्याची सोय मेंदूजवळ जवळजवळ नाही. रक्त थांबले की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

वायुरूप भूल दिली म्हणजे मेंदूचे काम मंदावते आणि त्याची प्राणवायूची मागणी घटते. त्याच वेळी ही भूल मेंदूतील रक्तवाहिन्याही काहीशा सैल करते. त्यामुळे मागणी आणि पुरवठा यांचा नेहमीचा मेळ थोडा ढळतो. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख प्रथम घेतला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या आलेखात जागेपणीच्या लहरी लहान आणि जलद दिसतात, भुलीत त्या मोठ्या आणि संथ होतात. भूल फार खोल गेली तर मधूनमधून आलेख सपाट पडतो. कुशल भूलतज्ज्ञ मेंदूला या मधल्या, सुरक्षित निद्रेत राखतो. त्या निद्रेतच घातक अतिताप सुरू झाला, तर पुढील गोष्टी एकामागून एक घडतात.

पहिली गोष्ट कार्बन डायऑक्साइडची. मेंदूच्या रक्तवाहिन्या या वायूला फार संवेदनशील असतात. रक्तातील त्याचा दाब सामान्यतः ४० मिलिमीटर असतो. तो ८० झाला तर मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे दुप्पट होतो. घातक अतितापात तो ८० च्याही पुढे जातो. मेंदूने काहीच मागितलेले नसते, तरी स्नायूंनी सोडलेल्या वायूमुळे त्याच्या सर्व चाव्या एकदम उघडतात आणि रक्ताचा पूर येतो. कवटी हाडांची, बंद. तिच्यात मेंदू, रक्त आणि पाण्यासारखा द्रव एवढेच मावते. रक्त वाढले की आतला दाब वाढतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मेंदूचे तापमान एक अंशाने वाढले की त्याची प्राणवायूची गरज सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी वाढते. ३७ अंशांवरून ४१ अंशांवर गेलेल्या मेंदूची मागणी सुमारे चतुर्थांशाने वाढते. भुलीने जे वाचवले होते ते उष्णता खर्चून टाकते. इकडे स्नायूंनी प्राणवायू ओढून घेतल्यामुळे येणारे रक्तही निकृष्ट होत जाते. ४२ अंशांच्या पलीकडे मेंदूची मागणी पुन्हा घटू लागते. परंतु ती विश्रांती नव्हे. तेथे पेशींतील रासायनिक क्रियाच कोसळू लागलेल्या असतात.

तिसरी गोष्ट हृदयाची. आम्ल झालेले आणि पोटॅशियमने भरलेले रक्त हृदयाला बेताल करते. रक्तदाब उतरतो. एरवी रक्तदाब थोडा वर-खाली झाला तरी मेंदू आपला रक्तप्रवाह स्थिर राखतो. कार्बन डायऑक्साइडने रक्तवाहिन्या आधीच ताणून सैल केलेल्या असल्याने ही शक्ती आता गेलेली असते. दाब उतरला की प्रवाहही उतरतो. मघाचा पूर ओसरतो आणि दुष्काळ पडतो. दर १०० ग्रॅमला मिनिटास २० मिलिलिटरच्या खाली रक्त आले की विद्युत्‌आलेख सपाट होऊ लागतो. १० च्या आसपास पेशींचा मृत्यू सुरू होतो. जो रुग्ण वाचतो, पण पुन्हा बोलत नाही, माणसे ओळखत नाही, त्याची हानी या टप्प्यात झालेली असते.

यातील सर्वांत दारुण भाग असा की, हे सारे घडत असताना मेंदू ओरडू शकत नाही. जागा माणूस डोके दुखते म्हणेल, गुदमरतो म्हणेल, घाबरेल, हात हलवेल. येथे मेंदू आधीच निजवलेला असतो. त्याच्या लहरी भुलीनेच संथ झालेल्या असल्याने त्या आलेखात संकटाची पहिली हाक वेगळी ऐकू येत नाही. पुष्कळदा तापमानही उशिराने चढते. मग पहिली हाक कोठून येते? ती श्वासातून येते. श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र आता शस्त्रक्रियागृहात असते. त्यावरील आकडा कारणावाचून चढू लागला, श्वासयंत्राची गती वाढवूनही उतरेना, आणि नाडी धावू लागली, की जाणता भूलतज्ज्ञ ओळखतो. हैदराबादच्या आयोगाने श्वासाकडे पाहा म्हटले होते, ते वेगळ्या कारणासाठी आणि चुकीच्या सिद्धांताच्या आधारे. परंतु या विकारापुरते का होईना, लॉरी साहेबांचे शब्द शंभर वर्षांनी खरे ठरले, याची गंमत आपल्या शहराने नोंदवून ठेवावी.

मग उपाय कोणते? भुलीचा वायू तत्काळ बंद करणे. शंभर टक्के प्राणवायू देऊन श्वास जोराने चालू ठेवणे. यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मेंदूतील पूर ओसरतो. अंग थंड करणे; मात्र ३८ अंशांच्या खाली उतरल्यावर थांबणे. आणि मुख्य म्हणजे डॅन्ट्रोलीन हे औषध शिरेतून देणे. ते कॅल्शियमच्या कोठीचे दार मिटवते. ग्रस्त डुकरांवर त्याचा गुण १९७५ मध्ये केप टाउनच्या हॅरिसन यांनी दाखवला, आणि १९७९ पासून अमेरिकेत ते या विकारासाठी शिरेतून देण्यास मान्यता मिळाली. जुन्या स्वरूपातील या औषधाच्या एका कुपीत २० मिलिग्रॅम भुकटी असते आणि ती ६० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवावी लागते. ७० किलोच्या माणसाला पहिल्याच मात्रेत १७५ मिलिग्रॅम, म्हणजे नऊ कुप्या लागतात. ती लवकर विरघळत नाही. चारपाच माणसांनी कुप्या हलवत बसावे लागते. पुढे लवकर विरघळणारी रूपेही निघाली. आरंभीच्या काळात या विकाराने गाठलेल्या दहांपैकी सात-आठ रुग्ण दगावत; जेथे औषध आणि जागरूक माणसे आहेत तेथे आता शंभरांत पाचाच्या आसपास दगावतात. आपल्या देशात हे औषध दीर्घकाळ सहजासहजी मिळत नसे. अशा परिस्थितीत सर्वांत स्वस्त आणि निश्चित उपाय म्हणजे रुग्णाला ती भूलच न देणे. पाठीतील सुई, स्थानिक बधिरता, प्रोपोफॉलसारखी शिरेतून दिली जाणारी भूल हे मार्ग सुरक्षित आहेत. परंतु हे टाळायचे कोणाच्या बाबतीत, हे आधी कळावयास हवे.

आणि ते कळते घरच्या माणसांच्या बोलण्यातून. पूर्वी एकदा भूल निर्विघ्न पार पडली म्हणून माणूस निर्धोक ठरत नाही. दोनतीन वेळा काही न होता पुढच्या वेळी हा विकार प्रकट झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. स्नायूंची परीक्षा मोजक्या ठिकाणीच होते. जनुकांची तपासणी आता होऊ लागली आहे, पण तीही कोणाची करायची हे ठरवण्यास आधी संशय यावा लागतो. मेलबर्नच्या त्या तरुणाजवळ कोणता वैद्यकीय दाखला नव्हता. त्याच्याजवळ होती घरात सांगितली गेलेली दहा मृत्यूंची गोष्ट. ती घरात जिवंत राहिली होती, आणि ती ऐकणारा वैद्य भेटला. माझ्या घरी ती गोष्ट जवळजवळ मेली होती. आईच्या एका चिडक्या वाक्याने ती वाचली.

या ग्रंथालयातील कुलवृत्तांतांचे कपाट आपणांपैकी अनेकांना परिचित असेल. घराणी कोठून आली, कोणी वतन मिळवले, कोण निजामाच्या नोकरीत शिरले, कोणाला किती अपत्ये झाली, हे सारे त्यांत चिकाटीने नोंदलेले आहे. या व्याख्यानाच्या तयारीत मी त्यांतील काही चाळले. 'अल्पवयात निवर्तले', 'अकाली निधन पावल्या' अशा नोंदी पानोपानी भेटतात. कशाने, ते बहुधा नसते. स्त्रियांच्या बाबतीत तर पुष्कळदा नावही नसते, मग कारण कोठले? मरणाचे कारण लिहिणे आपल्याकडे अशुभ मानले गेले, आणि दवाखान्यात झालेले मरण तर लपवण्याजोगे. शिवाय या दोषाला आईकडचे आणि वडिलांकडचे घराणे सारखेच. आपले कुलवृत्तांत मात्र एकाच बाजूने चालतात. माझे मामा माझ्या घराण्याच्या वृत्तांतात कधीच आले नसते.

म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. आई, आत्या, मावशी, जी कोणी असेल तिला विचारा : आपल्या माणसांत शस्त्रक्रियेच्या वेळी कोणी गेले का? कोणाचे अंग तापले, ताठ झाले, जबडा मिटला, लघवी काळपट झाली असे कधी ऐकले का? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, वर्ष घालून, एका वहीत लिहा. ती वही मुलांना दाखवा. शस्त्रक्रियेची वेळ आली की भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे ती ठेवा, त्यांनी विचारले नाही तरी. भाषेची अडचण असली तर आपल्यापैकी कोणी सोबत जा. आपण या शहरात चार भाषा बोलतो, त्यांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

आमच्या वंशावळीत मामांच्या नावापुढे मी आता एक ओळ अधिक लिहिली आहे : 'सन १९७८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी भूल दिली असता मृत्यू, अंग ताठ व अतिशय उष्ण झाले होते, असे बहिणीचे सांगणे.' ती लिहिली तेव्हा आई शेजारी होती. तिने मला ती दोनदा वाचून दाखवायला लावली, आणि मग म्हणाली, ''आता राहू दे तसेच.''